महासाथ आणि कर्करोगाची तपासणी : नोंदीबाहेरच्या स्त्रिया

२०२० च्या महासाथीत कर्करोगाची किती निदाने हुकली, याचा विचार बहुधा रुग्णालयांतील आकड्यांवरून केला जातो. भारतातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी मागील वर्षाच्या मानाने शेकडा ५४ ने घटल्याचे आढळले. शेकडा ७० हून अधिक केंद्रांत निरोगी व्यक्तींची तपासणी एकतर बंद होती, अथवा नेहमीच्या चतुर्थांशाहूनही कमी चालू होती. परंतु ही घट ज्यांची नोंद होत असे त्यांचीच होय.

ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी १९८८ पासून स्त्रियांना ठराविक काळाने आमंत्रणे जातात. २०२० मध्ये ती लांबली, तेव्हा कोण राहून गेले हे यादीवरून सांगता येत होते. आपल्याकडे चुकवावी अशी पाळीच बहुतेकींना नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ही तपासणी कधीही झालेल्या शेकडा २ देखील नव्हत्या.

खेड्यातील स्त्रीकडे तपासणीच चालत यावी लागते. बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत, सुमारे १ लक्ष ३१ हजार स्त्रियांना गटांत विभागून प्रयोग झाला. कार्यकर्ते घरोघर गेले. विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी एक गट तपासणीवाचून ठेवला होता. त्यावर नैतिक आक्षेप आले, व ते अनाठायी नव्हते; तथापि त्या गटाची स्थिती हीच उर्वरित ग्रामीण स्त्रियांची नित्याची स्थिती होती, याकडे आक्षेपकांचे लक्ष कमी गेले.

येथे शब्दाचाही थोडा दोष आहे. मराठीत आजाऱ्याची तीही तपासणी आणि धडधाकट माणसाची तीही तपासणीच. 'मला काय झालंय?' हा बाईचा प्रश्न म्हणूनच भाषेच्या दृष्टीने बिनतोड ठरतो.

२०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिशीपुढील व्यक्तींच्या घरी जाऊन माहितीपत्रक भरण्याचे काम आशा कार्यकर्तीकडे दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा त्याच उंबरठ्यावर तीच कार्यकर्ती तापमापक व प्राणवायुमापक घेऊन उभी होती. कर्करोग आहे का, हे तिने विचारले. तो होऊ घातला आहे का, हे पाहण्याचे साधन मात्र त्या पिशवीत नव्हते.