एलमधलं आलं

उत्तर इंग्लंडात फेब्रुवारी म्हणजे हिवाळ्याचं शेपूट, आणि ते लवकर आत जात नाही. डिसेंबरात दुकानांत मिरवणाऱ्या मसालेदार ‘विंटर एल’च्या बाटल्या तेव्हा उतरलेल्या भावात मिळतात. लीड्सला लेकीकडे असताना मी त्यातली एक आणली. रंग काळपट तांबूस, फेस बेताचा. पहिल्या घोटाला करपत आलेल्या साखरेची कडसर गोडी, मागोमाग जायफळ, आणि गिळून झाल्यावर घशाशी आल्याची झणझण. ही फ्रिजमधून काढून लगेच प्यायची नसते. गारठ्यात मसाला तोंड उघडत नाही.

‘एल’ हा शब्द अस्सल उत्तरेकडचा. डॅनिश भाषेत तो ‘ओल’, लिथुआनियन भाषेत ‘आलुस’, शेजारच्या फिनिश भाषेत ‘ओलुत’. पंधराव्या शतकात हॉप्स नावाची कडसर फुलं घातलेलं पेय समुद्रापलीकडून, नेदरलंड्सच्या बाजूने इंग्लंडात रुळलं. त्याला म्हणत बिअर. बिनहॉप्सची ती एल. हा भेद आता पुसला गेलाय. पण एलचा आणखी एक अर्थ होता, तो मला जास्त आवडतो: मेजवानी. नवरीची मेजवानी ती ‘ब्राइड-एल’, आणि तिचंच पुढे ‘ब्रायडल’ झालं. शेवटचा ‘अल’ लोकांना विशेषणाचा प्रत्यय वाटला आणि पेय शब्दातून उडून गेलं. आपल्याकडे पार्लरच्या पाटीवर ‘ब्रायडल मेकअप’ लिहिणाऱ्यांना त्यात मद्य लपलंय याची कल्पना नसेल, आणि नसलेलीच बरी!

नॉर्वेत तर हा मामला सरकारी होता. तिथल्या जुन्या गुलाथिंग कायद्यानुसार नाताळासाठी घरी एल गाळणं सक्तीचं होतं. लागोपाठ तीन वर्षं चुकलात तर मालमत्ता जप्त. अर्धी राजाला, अर्धी बिशपला.

या उत्तरेकडच्या लोकांच्या जुन्या नॉर्स बोलीतून इंग्रजीत आला ‘वॉसेल’. आज त्याचा अर्थ नाताळाच्या दिवसांतली गरम मसालेदार एल, पण मुळात तो पेला पुढे करताना द्यायचा आशीर्वाद: ‘वेस हेइल्’, म्हणजे ‘बरा राहा’. यातला ‘वेस’ म्हणजे इंग्रजी ‘वॉज’चा भाऊ, आणि संस्कृत ‘वस्’ धातूचाही. वस्ती, निवास, वसतिगृह ही सगळी त्याच घरातली. आशीर्वाद देताना आपणही ‘सुखी अस’ म्हणत नाही, ‘सुखी राहा’ म्हणतो. तेव्हा हे नातं कानाला परकं लागू नये. सॉमरसेटच्या काही गावांत १७ जानेवारीला आजही सफरचंदाच्या झाडांना वॉसेल करतात, म्हणजे पेय चक्क मुळाशी ओततात आणि झाड बरं राहो म्हणून गातात.

वॉसेलचाच एक प्रकार ‘लॅम्ब्जवूल’, कोकराची लोकर. गरम एल, साखर, जायफळ, आलं, आणि भाजून फुटलेल्या सफरचंदांचा पांढुरका गर. अठराव्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी नावाच्या पुराणवस्तूप्रेमी गृहस्थांनी हे नाव एका आयरिश सणाच्या नावावरून काढलं. मला ते पटत नाही. पेल्यात तरंगणारा गर बघितल्यावर लोकर सुचायला आयर्लंडपर्यंत जावं लागत नाही.

पेय उत्तरेचं, पण त्यातली ऊब मात्र आपल्या बाजूची. ‘जिंजर’चा माग काढत गेलं की लॅटिन ‘झिंगिबेर’, ग्रीक ‘झिंगिबेरिस’, पाली ‘सिंगिवेर’, संस्कृत ‘शृंगवेर’ अशी वाट लागते. संस्कृत पंडितांनी शृंगवेराची फोड ‘शिंगासारखं शरीर असलेलं’ अशी केली. आल्याचा तुकडा हातात घेतला तर ती पटतेही, पण ही नंतर जोडलेली उपपत्ती. खरं मूळ द्राविडी: ‘इंजि’ म्हणजे आलं आणि ‘वेर्’ म्हणजे मूळ. ॲलन रॉस या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने या एकाच शब्दाच्या प्रवासावर १९५२ साली अख्खं पुस्तक लिहिलं. मराठीने मात्र ही वाट धरलीच नाही. अमरकोशात शृंगवेराशेजारीच ‘आर्द्रक’ बसलेलं आहे. आपण ते उचललं. आर्द्र म्हणजे ओलं. प्राकृतात त्याचं ‘अल्ल’ झालं, ‘ओल्ल’ही झालं. म्हणजे आलं आणि ओलं ही सख्खी भावंडं! वाळवल्यावर ते आलं राहत नाही, सुंठ होते. ब्रूअर बहुधा वापरतात ती हीच.

जायफळाच्या इंग्रजी नावात, ‘नटमेग’मध्ये, उंदीर दडलाय. जुन्या फ्रेंचमधून आलेलं हे नाव लॅटिन ‘नुक्स मुस्काता’चं, म्हणजे कस्तुरीच्या वासाचं कवचफळ. कस्तुरीला फारसीत ‘मुश्क’; त्याचं मूळ संस्कृत ‘मुष्क’ म्हणजे वृषण, आणि शब्दशः ‘लहानसा उंदीर’. ‘मूषक’ त्याचाच नातलग. कस्तुरीमृगाची ग्रंथी पाहून कुणाला तरी हे साम्य सुचलं असणार. आपलं ‘जातीफल’ त्यामानाने सोज्ज्वळ, जाईच्या वेलाशी नाव सांगणारं.

बाटली संपत आली तरी बाहेर तीच रिपरिप. ‘विंटर’ या शब्दाच्या मुळाशी ‘ओला ऋतू’ असा अर्थ असावा, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आपला हिवाळा हिमाचा, त्यांचा ओलीचा. लीड्समध्ये चार दिवस काढले की ही व्युत्पत्ती सिद्ध करायला पुरावा लागत नाही. स्वीडिश लोकांनी वसंताला ‘वोर’ म्हणून आपल्या ‘वसंता’शी नातं राखलं. इंग्रजांचा जुना शब्द ‘लेन्क्टेन’, म्हणजे दिवस लांबत जाण्याचा काळ. पुढे ‘स्प्रिंग’ने त्याची जागा घेतली आणि तो आखडून ‘लेंट’ झाला: ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपासाचे. त्या काळात कित्येक जण मद्य सोडतात. दुकानदाराला मालाचा भाव का उतरवावा लागतो, त्याचं निदान एक कारण हे असावं.