गुंज, रती

गुंज : सोने, रत्ने व औषधे तोलण्याचे जुने, अत्यंत लहान वजन आणि त्यावरून कोणत्याही गोष्टीचे अत्यल्प प्रमाण. याच अर्थाने ‘रती’ (हिंदीत ‘रत्ती’) हा शब्दही रूढ आहे. 8 गुंजांचा 1 मासा आणि 12 माशांचा 1 तोळा, असे हे कोष्टक असून 11.66 ग्रॅमच्या तोळ्यावरून एक गुंज सुमारे 0.12 ग्रॅम भरते.

व्युत्पत्ती : हे वजन म्हणजे मुळात गुंजेच्या वेलीचे बी होय. ते लालभडक, गुळगुळीत व टणक असून त्याच्या एका टोकाला काळा ठिपका असतो. लाल रंगावरून संस्कृतात त्याला ‘रक्तिका’, तर काळ्या ठिपक्यावरून ‘कृष्णल’ म्हटले गेले. ‘रक्तिका’चे प्राकृतातून ‘रत्ती’ व पुढे ‘रती’ झाले. कामदेवाची पत्नी रती हिचे नाव ‘रम्’ धातूपासून आलेले असल्याने त्याचा या शब्दाशी संबंध नाही.

परिमाण : मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगणाऱ्या धूलिकणाला, म्हणजे त्रसरेणूला, पहिले माप मानून लिक्षा, मोहरी व जव या पायऱ्यांनी कृष्णलापर्यंतचे कोष्टक दिले असून त्यानुसार एका कृष्णलात 1,296 त्रसरेणू येतात. त्रसरेणू डोळ्यांना दिसतो, पण चिमटीत धरता येत नाही. गुंज मात्र उचलून तराजूच्या पारड्यात टाकता येते, आणि म्हणूनच व्यवहारात सूक्ष्मतेचे माप म्हणून तीच टिकली.

प्रचार : मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौसर हे मराठीबहुल तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरपासून वेगळ्या राज्यात राहिले आणि 2023 मध्ये छिंदवाड्यातून निघालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. घरची मराठी आणि राजभाषा हिंदी अशा दोन्ही भाषा जेथे नित्य कानी पडतात, तेथे ‘गुंजभर सोने’ आणि ‘रत्तीभर फ़र्क़’ ही भिन्न मापे नसून एकाच बियेची दोन नावे आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मेट्रिक मापांचा कायदाही 1956 चाच; त्यानंतर सरकारी व्यवहारातून गुंज गेली, तरी आयुर्वेदीय मात्रेत ती 125 मिलिग्रॅम म्हणून राहिली, आणि ‘रतीभरही फरक पडला नाही’ असे म्हणताना, ते बी कधी न पाहिलेला माणूसही तिचेच वजन वापरतो.