उष्णतारोधन-काम, चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील

उष्णतारोधन-काम : उष्णतेचे वहन मंदावणारे आवरण भिंती, छपरे, बॉयलर वा वाफेच्या नळ्या यांवर बसविण्याचा व्यवसाय. चंद्रपूर व त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत उन्हाळा अतितीव्र असतो. तेथील खेड्यांत बांबूच्या कुडावर माती-शेणाचा जाड लेप आणि वर गवताचे वा कवेलूंचे छप्पर, ही जुनी उष्णतारोधक रचना होय. हे काम घरचे लोकच करीत असल्याने त्याचा वेगळा व्यवसाय झाला नाही.

स्वतंत्र कारागीर आले ते कारखान्यांबरोबर. बल्लारपूरच्या कागद गिरणीत व १९८३ पासून कार्यान्वित झालेल्या चंद्रपूर औष्णिक वीज केंद्रात वाफेच्या नळ्यांना आवरण आवश्यक ठरले. २१० मेगॅवॉट क्षमतेच्या संचातील वाफेचे तापमान सु. ५४०° से. असते, आवरणाचा बाह्यपृष्ठभाग सु. ६०° से.च्या आत राखावा लागतो. त्यासाठी खनिज लोकरीचे थर तारेने आवळून त्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवितात. दुरुस्तीच्या वेळी जुने आवरण फोडताना धूळ सर्वाधिक उडते.

विसाव्या शतकात या कामासाठी जगभर ॲस्बेस्टस वापरीत. त्याच्या तंतूंमुळे होणारे फुप्फुसांचे विकार व कर्करोग बहुधा अनेक वर्षांनी, कधी तीन-चार दशकांनी प्रकट होतात. अमेरिकन वैद्य अर्व्हिंग सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये न्यूयॉर्क परिसरातील ६३२ उष्णतारोधन कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक आढळले. कामगार संघटनेच्या सदस्य-नोंदी उपलब्ध असल्यामुळेच हा शोध शक्य झाला.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा सेवासमाप्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. तथापि आवरणाचे काम बहुधा कंत्राटावर होते. कंत्राट संपले की कामगार दुसऱ्या प्रकल्पावर वा गावी परततो आणि त्याच्या नोंदींचा धागा तुटतो. पुढे विकार उद्भवल्यास त्याचा कामाशी संबंध सिद्ध करणे दुष्कर होते. म्हणून या व्यवसायात धुळीपासून संरक्षणाइतकेच महत्त्व कामगाराबरोबर जाणाऱ्या कायम नोंदीला आहे.