गवताचे छायाचित्र

भोर आणि वेल्हे या तालुक्यांची छायाचित्रे वाचकांनी पुष्कळ पाहिली असतील. तोरण्याची झुंजार माची, राजगडाचा बालेकिल्ला, भोरचा राजवाडा. या दगडी वैभवाच्या पायथ्याशी पसरलेले गवताचे माळ मात्र चित्रात आलेच, तर कडेची रिकामी जागा म्हणून येतात. असे का व्हावे, हा प्रश्न एका भाद्रपदात रायरेश्वराच्या पठारावर आमच्या मनात आला.

त्याचे एक उत्तर छायाचित्रणाच्या इतिहासातच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. त्या काळी काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे व धुवावे लागे. काच उघडी असताना वारा सुटला की गवत हले आणि चित्रात नुसता धूसर पट्टा उमटे. शिवाय त्या काचेला निळा प्रकाश चांगला उमगे. हिरवा रंग काळपट उतरे. तटबुरूज मात्र हलत नव्हते. जे स्थिर तेच टिपण्याजोगे, अशी दृष्टीला सवय जडली. पुढे साधने सुधारली. सवय सुटली नाही.

वास्तविक राज्यकर्त्यांनी गवताची उपेक्षा केली नव्हती. मराठेशाहीत पागेच्या घोड्यांसाठी कुरणे राखली जात. वेल्हे तालुक्यात तर कुरण बुद्रुक व कुरण खुर्द अशी गावेच आहेत. आता त्या तालुक्याला राजगडाचे नाव मिळाले आहे, आणि ते उचितच आहे. पण गडाखालच्या गवतावाचून घोडदळ एक मजलही चालले नसते, हे विसरता येणार नाही.

दगड टिकतो, माळ टिकतोच असे नाही. १९२८ साली पूर्ण झालेल्या भाटघर धरणाने वेळवंडी नदीचे खोरे पाण्याखाली घेतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे जुने देऊळ पुन्हा दिसू लागते. त्याच्या भोवतीचे जुने शिवार मात्र परत येत नाही.

रायरेश्वरावर त्या दिवशी सोनकीच्या पिवळ्या फुलांनी पठार भरले होते. चांगले चित्र मिळावे म्हणून आम्ही पायवाट सोडून आत शिरलो. तोच गुरांमागून येणारे एक वृद्ध गृहस्थ थांबून म्हणाले, "फुलं बघा, पर तुडवू नगा. दिवाळीनंतर ह्येच गवात गुरांना घालायचं हाय."

आम्ही ओशाळून मागे फिरलो. ज्या माळात आम्ही सौंदर्य शोधत होतो, त्यात त्यांना गोठ्याचा वर्षाचा चारा दिसत होता. आणि सौंदर्य त्यांना दिसत नव्हते असेही नाही. फुले बघा, असे त्यांनीच आधी सांगितले होते.

मग पायवाटेवरूनच आम्ही एक चित्र घेतले. वाऱ्याने गवत जरा हललेले आहे. ते तसेच आम्ही जपून ठेवले आहे.