तळटीप १२ : दृश्य विश्व

१२. दृश्य विश्व : विश्वाचा पृथ्वीवरून दिसू शकणारा भाग. त्याची सीमा ही विश्वाची कड नव्हे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. त्याहून अधिक काळ वाटचाल केलेला प्रकाश असूच शकत नाही. दरम्यान अवकाश प्रसरण पावत राहिल्याने या भागाची सीमा आज सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

अवसेच्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारा अंधूक पुंजका म्हणजे देवयानी दीर्घिका, जेमतेम २५ लाख प्रकाशवर्षांवरची.

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीण (४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या) तिच्या कितीतरी पलीकडचे टिपते. मात्र पहिली सुमारे ३.८ लाख वर्षे विश्व अपारदर्शक होते. तेव्हाचा प्रकाश कोणत्याच दुर्बिणीला मिळत नाही. सीमेपलीकडचे विश्व सान्त की अनंत, हे निरीक्षणांतून अद्याप ठरलेले नाही.