खिशातली एक कॅप्सूल

सकाळची वेळ. कॅप्सूल उघडायची, आतली पांढरी पूड चमचाभर दुधात कालवायची, चमचा मुलीच्या ओठांशी न्यायचा. ती आता न सांगता तोंड उघडते. आज मात्र डबीतून आणखी एक कॅप्सूल काढून तुम्ही खिशात टाकता. १० मिलिग्रॅम बायोटिन, एक जीवनसत्त्व. आणि मागच्या काळात निघता.

लंडन, १९७१. मुलांचा वॉर्ड, खाटेवर पाच महिन्यांचं बाळ. अंगावर लाल चट्टे उठलेत, पोटात काही ठरत नाही, आणि धाप अशी लागलीय की बरगड्या मोजून घ्याव्यात. रक्तात आम्ल साठलं की शरीर ते श्वासावाटे उपसून टाकायला बघतं. ही धाप त्या उपशाची आहे. तुम्हाला ती कुणी समजावून सांगायला नको. मुलीचं निदान व्हायच्या आधीच्या अकरा दिवसांत ती तुम्ही घरी, उशाशी बसून ऐकली आहे. या आजारात लघवीला बोक्याच्या मुतासारखा उग्र वास येऊ शकतो. तुम्ही दुपटं नाकाशी नेत नाही. नेलं असतं तर ते अकरा दिवस पुन्हा अंगावर आले असते.

हात आपोआप खिशाकडे जातो.

द्यावी? पण एक कॅप्सूल म्हणजे एक दिवस. उद्या या बाळाला दुसरी लागेल, परवा तिसरी, आणि तुम्ही इथे नसाल. ती का द्यायची, हे इथल्या कुणाला तरी कळायला हवं. आणि ते कळायच्या बेतात आहे. हॅमरस्मिथच्या प्रयोगशाळेत याच बाळाची लघवी गॅस क्रोमॅटोग्राफमधून जाते आहे. यंत्राची लेखणी सरकत्या कागदावर टेकड्या काढत चालली आहे, आणि जिथे सपाट मैदान असायला हवं तिथे एक टेकडी उठते: मिथिलक्रोटोनिलग्लायसीन. दुधातल्या प्रथिनातलं ल्युसीन पचनानंतर पायरी पायरीनं मोडत जातं. त्यातली एक पायरी तुंबली आहे आणि माल मागे साचून लघवीत उतरतो आहे. ती पायरी चालवणाऱ्या एन्झाइमला बायोटिन लागतं, हे तिथले संशोधक गॉम्पर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे.

ते त्यांना कसं ठाऊक, हे पाहायला तुम्हाला आणखी मागे जावं लागतं. बाळाला तसंच धापा टाकत सोडून जाणं जड जातं. पण जा. वाट तिथूनच येते.

१९२७. लंडनच्याच लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर उभी आहे. उंदरांना प्रथिन म्हणून तिनं वाळवलेल्या अंड्याचा पांढरा भाग दिला आहे. उंदीर उपाशी नाहीत, तरी त्यांची कातडी सोलवटली आहे, केस गळलेत, पाय ताठरलेत. तुम्ही वाकून बघता आणि तुमच्या पोटात गोळा येतो, कारण डोळ्यांभोवतीचं ते लालसर, खवलं निघालेलं कातडं तुमच्या ओळखीचं आहे. फरक एवढाच की इथे ते उंदराच्या तोंडावर आहे. काळीज, म्हणजे यकृत, खाऊ घातलं की हे उंदीर सुधारतात. काळजात काहीतरी आहे, एवढंच तिला कळलं आहे. ते नेमकं काय, हे अजून कुणाला ठाऊक नाही.

नऊ वर्षांनी, हॉलंडमधल्या उत्रेख्तला, तुम्ही फ्रिट्झ क्यॉगल आणि बेन्नो ट्यॉनिस यांच्या बाकाशी आहात. वेगळ्याच प्रश्नामागे लागलेली ही माणसं: यीस्ट वाढायला जो सूक्ष्म पदार्थ लागतो तो त्यांना शुद्ध स्वरूपात हवाय. त्यासाठी त्यांनी बदकाच्या अंड्यांचे सुके बलक घेतलेत, २५० किलो. पोतीच्या पोती. ते विरघळवायचं, गाळायचं, टाकायचं, उरलेलं पुन्हा विरघळवायचं. शेवटी काचेवर जे स्फटिक उरतात त्यांचं वजन भरतं १.१ मिलिग्रॅम. फुंकर मारली तर उडून जाईल एवढं. त्याला ते बायोटिन म्हणतात.

खिशावरून हात फिरवा. तुमच्याजवळ त्याच्या नऊपट आहे. या बाकावर तुमच्या मुलीची एक सकाळ काढायची म्हटलं तर सव्वादोन टन सुके बलक लागतील. घरी कॅप्सूल उघडताना पूड सांडली की तुम्ही बोटानं टिपून घेता. ती सवय किती रास्त आहे हे इथे उभं राहून कळतं.

यीस्टचं बायोटिन आणि उंदरांना वाचवणारं काळजातलं ते काहीतरी, दोन्ही एकच, हे १९४०मध्ये पॉल ग्यॉर्गी आणि व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी दाखवलं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात विष नव्हतं. त्यात एक प्रथिन होतं, आव्हिडिन. ते बायोटिनला अशी घट्ट मिठी मारतं की आतड्याला ते मिळतच नाही. अंडं शिजवलं की मिठी सुटते. (घरी नाश्त्याला अंडी होत असतील तर घाबरू नका. नीट उकडलेलं अंडं उलट बायोटिन देतं.)

अमेरिकेतल्या जॉर्जियात, १९४२मध्ये, सिडनस्ट्रिकर नावाच्या डॉक्टरांनी हा प्रयोग माणसांवर केला. चार जण स्वतःहून तयार झाले. रोज २०० ग्रॅम वाळवलेला पांढरा भाग, आठवड्यामागून आठवडे. तुम्ही जाता तेव्हा बराच काळ लोटलेला आहे. चेहरा राखेसारखा झालेला, कातडीवर कोंडा, स्नायू ठणकतात, जेवणावरची वासना उडालेली. पण सगळ्यांत जास्त जाणवते ती उदासी. भल्या मोठ्या माणसानं भिंतीकडे तोंड करून पडून राहावं, तशी. तुमची मुलगी तेव्हा बोलू शकत नव्हती. रडायचीसुद्धा थांबली होती. तिला आतून काय वाटत असेल हे तुम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. इथे ही माणसं शब्दांत सांगताहेत. ऐकून घ्या. मग त्यांना रोज १५० मायक्रोग्रॅमपासून पुढे बायोटिनची इंजेक्शनं सुरू होतात आणि पाचेक दिवसांत माणसं उठून बसतात. तुमच्या खिशातल्या एका कॅप्सूलमध्ये अशा ६६ मात्रा आहेत.

म्युनिकला फार वेळ थांबू नका, पण वाट वाकडी करून जा. १९५९. फिओडोर लिनेन आणि योआखिम क्नाप्पे यांच्या नळीत एका जिवाणूचं एन्झाइम आहे आणि बायोटिन त्यावर बसून कार्बन डायऑक्साइड उचलून नेतं, हे त्यांना दिसलंय. हमालानं गोणी उचलावी तसं. आणि ते एन्झाइम कोणतं? मिथिलक्रोटोनिल कार्बोक्सिलेज. लंडनच्या बाळाची तुंबलेली पायरी तीच. जिवाणूवर काम करणाऱ्या या माणसांच्या मनात कुठलंही बाळ नाही, तरी बारा वर्षांनी एका बाळाला जो धागा लागणार आहे तो ते इथे कातताहेत. मूलभूत संशोधनावर खर्च कशाला, असं कुणी विचारलं की मला ही नळी आठवते.

आता लंडनला परत. बाळाला बायोटिन सुरू झालं आहे, निरोगी बाळाच्या गरजेच्या कितीतरी पट. धाप ओसरते. चट्टे फिके पडतात. आई दुपटं बदलते आणि क्षणभर थांबते, काहीतरी नाहीसं झालंय हे तिला जाणवतं, काय ते तिला लगेच सांगता येत नाही. तुम्ही खिशातून हात बाहेर काढता. तुमच्या कॅप्सूलची इथे गरज पडली नाही.

पण बिघाड नक्की कुठे होता? सोनाराचं दुकान डोळ्यांसमोर आणा. शरीरात पाच कार्बोक्सिलेज आहेत, पाच दागिने म्हणा. प्रत्येकाला बायोटिनचा खडा लागतो, खड्याशिवाय तो निव्वळ कोंदण. खडा बसवणारा कारागीर म्हणजे होलोकार्बोक्सिलेज सिंथेटेज हे एन्झाइम. जन्मल्यावर लवकर आजारी पडणाऱ्या अशा बाळांत हा कारागीरच अधू असतो, हे १९८१मध्ये कॅलिफोर्नियात पक्कं झालं. त्याच्यापुढे खड्यांची रास ओतली तर तो कसाबसा काही बसवतो. म्हणून मोठा डोस लागतो.

आणि दागिना जुना झाला, मोडीत काढला, तर खडा कोण सोडवतो? हा प्रश्न तुम्हाला रिचमंडला घेऊन जातो, अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. तुमच्या घराची गोष्ट इथे सुरू होते.

इथे डॉ. बॅरी वुल्फ यांच्यापुढे वेगळी मुलं आहेत. ती जन्मतः ठणठणीत होती. काही महिन्यांनी झटके येऊ लागले, अंग लुळं पडलं, केस विरळ होत भुवयाही गेल्या. बायोटिन दिलं की सुधारतात. पण त्यांच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवून पाहिल्या तर ही एन्झाइमं उत्तम. कारागीर ठीक, दागिने ठीक, आणि मूल आजारी. या कोड्याशी थोडा वेळ थांबा, ते सुंदर आहे. बशीतल्या पेशींच्या ताटात सुटं बायोटिन आयतं वाढलेलं होतं. घरी, शरीरात, ते तसं मिळत नाही. अन्नातलं बरंचसं बायोटिन प्रथिनांना चिकटलेलं येतं, आणि शरीर आपले जुने दागिने मोडून तेच खडे पुन्हा पुन्हा वापरतं. ते सोडवणारं एन्झाइम म्हणजे बायोटिनिडेज. १९८३मध्ये वुल्फ यांनी या मुलांच्या रक्तात ते मोजलं. जवळपास नव्हतंच.

वॉर्डात तीन वर्षांची एक मुलगी खेळते आहे. बायोटिन सुरू होऊन काही आठवडे झालेत. झटके थांबलेत, डोक्यावर जावळासारखे नवे केस आलेत. तुम्ही तिला मागून हाक मारता. ती वळत नाही. पुन्हा मारता. ती ठोकळे रचत राहते. केस परत येतात, कातडी परत येते. ऐकू येणं एकदा गेलं की बहुधा परत येत नाही, आणि डोळ्याची नस सुकली तर तीही नाही. ही गोळी सगळा वेळ औषधांच्या कपाटात होती. तीन वर्षं. कुणाचा दोष नव्हता, जन्मतः मूल चांगलं दिसत होतं, मग कुणी काय बघणार? तुमची मुलगी हाकेला वळते. वळणार नाही या भीतीनं तुम्ही किती वेळा मुद्दाम मागून हाक मारून पाहिली आहे, ते तुम्हालाच माहीत.

म्हणून जानेवारी १९८४मध्ये व्हर्जिनियात नवजात बाळांची तपासणी सुरू झाली. टाचेला टोचायचं, टिपकागदावर रक्ताचे थेंब घ्यायचे. ही युक्ती रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात दुसऱ्या आजारासाठी रूढ केली होती. गोवा सरकारनंही २००८मध्ये नवजात बाळांची तपासणी हाती घेतली. आपल्या देशातल्या बहुतेक बाळांच्या टाचेपर्यंत मात्र ही सुई अजून पोचलेली नाही, आणि मला ते मान्य करवत नाही. आजार दुर्मीळ आहे, सौम्य रूप धरून सुमारे ६०,००० बाळांत एक. पण त्या एकाच्या घरी तो शंभर टक्के असतो.

व्हर्जिनियातल्या त्या तपासणीच्या प्रयोगशाळेत शिरा. टिपकागदाच्या टिकल्या पाटीवरच्या खळग्यांत पडल्या आहेत. वर जे द्रव्य घातलंय ते क्नाप्पे यांनीच १९६३मध्ये वापरलेलं. बायोटिनला जोडलेला एक तुकडा एन्झाइमनं सोडवला की पुढच्या क्रियेत त्याला रंग चढतो. ओळीनं खळगे जांभळे होत जातात. जांभळा, जांभळा, जांभळा. पिकल्या जांभळासारखा गडद. मग एक खळगा गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा. तुम्ही वाट पाहता. तो पिवळाच राहतो.

तंत्रज्ञ बाई चाचणी पुन्हा लावते, कार्डावरचा नंबर दोनदा ताडून बघते. मग फोन उचलते. पलीकडे घंटा वाजते आणि कुणीतरी घेतं. बाई सावकाश, एकेक शब्द सांगू लागते, आणि त्या आवाजाच्या मागे, दूर कुठल्याशा खोलीत, भुकेलं बाळ रडतंय. खणखणीत, भरल्या छातीनं. आई त्याला गप्प राहा म्हणते, आणि ते तिच्या आवाजाला गप्प होतं.