शेवट माहीत असलेला प्रेक्षक

(वसईत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय जाहीर झाला आणि मला दोन फोन आले. एक आमच्या जुन्या सरांचा, इतिहासाच्या व्याख्यानात 'अव्हेंजर्स' कुठून आले म्हणून. दुसरा भाच्याचा. म्हणाला, "मामा, त्यातलं काही चुकीचं सांगू नकोस, लोक हसतील." दोघांचाही मान राखायचा प्रयत्न करतो.

गोष्ट २०१९ च्या एप्रिलमधली. २६ तारखेला 'अव्हेंजर्स: एंडगेम' भारतात लागला. इंग्रजीत होता, हिंदीत होता, तमिळ-तेलुगूत होता. मराठीत नव्हता, ते असो. भाच्याने पहाटेच्या खेळाची तिकिटं काढली. आता विरारच्या माणसाला पहाटे उठायचं काही कौतुक नाही, आपण गाडीत जागा मिळावी म्हणून जन्मभर तेच करतो. पण सिनेमासाठी उठलेली एवढी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. कॉलेजची पोरं, त्यांचे आईबाप, एक आजोबा नातवाला घेऊन.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. आधीच्या भागात थॅनोस नावाच्या खलनायकाने चुटकी वाजवून विश्वातले निम्मे जीव नाहीसे केलेले असतात. या भागात नायक मंडळी ते सगळे परत आणतात, पण शेवटची चुटकी टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, स्वतः वाजवतो आणि त्यात त्याचा जीव जातो. कॅप्टन अमेरिका म्हातारा होऊन परत येतो आणि ढाल दुसऱ्याच्या हाती देतो. जिंकले, पण घरचा माणूस गेला, असा तो शेवट.

तीन तास शिट्ट्या मारणारी पोरं शेवटची दहा मिनिटं गप्प होती. दिवे लागले तरी कोणी उठेना. भाचा म्हणाला, "थांब, नावं संपल्यावर अजून एक सीन असतो." असायचा, या कंपनीच्या सिनेमांची ती पद्धतच. पण या वेळी काहीच आलं नाही, फक्त अंधारात लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज. पहिल्या सिनेमात तो आपलं चिलखत ठोकून बनवतो ना, तो. समोरच्या रांगेतली मुलगी हमसून हमसून रडायला लागली. आणि त्या आजोबांचा नातू, असेल आठ-नऊ वर्षांचा, चिडलेला. "त्याला का मारलं?" एकच प्रश्न. आजोबा त्याला पायऱ्यांवरून खाली उतरवत म्हणाले, "अरे, गड आला ना? मग?"

पुढे त्यांनी काही सांगितलं नाही. आपल्यापैकी कोणालाच पुढचं सांगावं लागत नाही, बरोबर? पण त्या नातवाला ते माहीत नव्हतं, आणि मला वाटलं, हा मुलगा आत्ता जिथे उभा आहे तिथे आपले लोकही कधीतरी उभे असतील. नायक मेलेला शेवट पाहायची सवय आपल्याला लागली कधी?

कारण मूळची सवय ती नव्हे. संस्कृत नाटकात रंगमंचावर मरण दाखवत नसत. कीर्तनात बुवा सीतास्वयंवर लावतील, रुक्मिणीस्वयंवर लावतील. सीता धरणीच्या पोटात गेली तिथे आख्यान संपवून आरती करणारे बुवा मी तरी ऐकलेले नाहीत. फाळक्यांचा पहिला चित्रपट, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र', त्याचा शेवट आठवा. राज्य गेलं, बायको-मुलगा गेला, आणि शेवटी देव येऊन सगळं परत देतो, मेलेल्या रोहिदासासकट. 'एंडगेम'मध्येही निम्मं जग असंच परत येतं. तो भाग आपल्या पणजोबांना अगदी ओळखीचा वाटला असता. एक माणूस परत येत नाही, अडचण तिथे आहे.

मराठी रंगभूमीवर हा उंबरठा लवकर ओलांडला गेला. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ चं. माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं, इथे ते संपतं. देव येत नाही. मग पुढे 'एकच प्याला'पर्यंत रांग आहे, त्यात मी आज शिरत नाही. कारण मला वाटतं आपल्या प्रेक्षकाची खरी तालीम नाटकगृहात झालेलीच नाही, ती पोवाड्याच्या फडात झाली.

तर आता कोंढाण्याकडे येऊ. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. सभासदाची बखर काढून बघा. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली, म्हणजे घटनेनंतर सुमारे पाव शतकाने. सभासद काय सांगतो? गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेची गवती घरं पेटवली. तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला आणि ओळखलं, गड घेतला, फत्ते झाली. तानाजी पडल्याची बातमी घेऊन जासूद आला तो दुसऱ्या दिवशी.

बघा, हा शेवट दोन हप्त्यांत पोचला. रात्री आनंद, सकाळी दुःख. मधल्या काही तासांत राजगडावर काय असेल? लोक जागे असतील, साखर वाटली असेल-नसेल, ठाऊक नाही. पण त्या रात्री विजय हा निव्वळ विजय होता. 'पण' सकाळी आला.

पोवाड्याने हे दोन हप्ते एकत्र शिवले. तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला पहिल्या थापेलाच माहीत असतं की हा गडी परत येणार नाही. रायबाचं लग्न आलं की बाया पदर डोळ्यांना लावतात, लढाई अजून कोसभर लांब असते. 'एंडगेम'च्या दिग्दर्शकांनी जगभरच्या प्रेक्षकांना जाहीर पत्र लिहून विनवलं होतं, की बाबांनो, शेवट फोडू नका. शाहिराला ही विनंती करायचं कारणच नव्हतं. शेवट फुटलेलाच असायचा.

आणि एक गंमत. 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य सभासदाकडे या शब्दांत नाही. तिथे गडाच्या बदल्यात गडच गेल्याचा हिशेब आहे, सिंह नाही. या घटनेवरून सिंहगड नाव पडलं असं आपण शाळेत शिकलो, पण ते नाव १६६३ च्या शिवकालीन पत्रात आधीच सापडतं. म्हणजे हे वाक्य घडवलं कोणी? ऐकणाऱ्यांनी, असं माझं मत आहे. पिढ्यान् पिढ्या ते घासून गुळगुळीत झालं. हरिभाऊ आपट्यांनी त्याची कादंबरी केली, बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये मूकपट केला, प्रभातसाठी शांतारामबापूंनी १९३३ मध्ये 'सिंहगड' काढला. आणि 'एंडगेम'नंतर नऊच महिन्यांनी, जानेवारी २०२० मध्ये, 'तान्हाजी' आला. तो पाहून त्या नातवाने पुन्हा "का मारलं?" विचारलं असेल का, याचं मला कुतूहल आहे.

त्या वाक्यात दोन पारडी आहेत. आपला प्रेक्षक नायकाचं मरण सोसतो, पण दुसऱ्या पारड्यात गड लागतो. गड नसेल तर? तेही आपण नुकतंच पाहिलं. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' लागला. शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी लोक सुन्न. थिएटरात लोक उभे राहून रडत रडत गर्जना देताहेत, असे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. पुष्कळांनी नाकं मुरडली, हा काय उन्माद म्हणून. काही ठिकाणी होताही, आणि सिनेमातली चीड रस्त्यावर आणणारे होते, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण त्या गर्जनेकडे थोडं थांबून बघा. पडद्यावर रिकामं राहिलेलं पारडं प्रेक्षक स्वतः भरत होता. १६८९ मध्ये संभाजीराजे गेले आणि १७०७ मध्ये औरंगजेब याच मातीत, अहमदनगरला मेला. मधली अठरा वर्षं पडद्यावर नाहीत, ती लोकांनी घोषणेत घातली.

आता वसई. इथे बोलायचं आणि १७३९ टाळायचं, हे जमणार नाही.

दरवर्षी मी विद्यार्थ्यांना किल्ल्यात नेतो. चिमाजी अप्पांची मोहीम सांगतो. अणजूरच्या नाईकांची गाऱ्हाणी, पोर्तुगीज राजवटीतला धर्माचा जाच, फेब्रुवारीत पडलेला वेढा, मे महिन्यातले सुरुंग, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला पडलेलं खिंडार. किल्ला घेता येत नसेल तर माझं मस्तक तरी तोफेने आत टाका, ही चिमाजी अप्पांची गोष्टही सांगतो, दंतकथा म्हणून. ग्रँट डफ लिहितो की मराठ्यांनी स्वतः कबूल केलेलं नुकसान मेलेले-जखमी मिळून पाच हजारांवर होतं, पोर्तुगीजांचं आठशे. पारडी पुन्हा तीच, गड आणि सिंह.

एका वर्षी एक मुलगी, आगाशीकडच्या ख्रिस्ती घरातली, मला म्हणाली, "सर, आमचे लोक तेव्हा तटाच्या कुठल्या बाजूला होते?"

मी जरा अडखळलो. उत्तर सरळ नाही. तहाप्रमाणे पोर्तुगीज शस्त्रं, निशाणं घेऊन, वाजतगाजत गेले. जे मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती. राहिले ते इथलेच, वाड्यांमधले, शेतीवाले, मासेमारीवाले, इथलीच बोली बोलणारे. तिचे पूर्वज. विजयाच्या गोष्टीत ते नायक नाहीत, खलनायकही नाहीत. त्यांना कोणी तिकीटच दिलं नाही असं म्हणा. वसईच्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळातली तर प्रसिद्धच आहे. आपण तिच्याकडे विजयाची खूण म्हणून बघतो. त्या मुलीच्या घरी हीच गोष्ट घंटा गेल्याची गोष्ट म्हणून सांगत असतील, तर ती खोटी कशी म्हणू?

तिच्या घरचा नायक वेगळा होता. गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर मारला गेला. त्याला संतपद मिळालं १८६२ मध्ये. मोजा, २६५ वर्षं. सिंह आधी गेला आणि गड यायला एवढा वेळ लागला, आणि लोक तोवर गोष्ट सांगत राहिले. ही पारडी फक्त पोवाड्याची नाहीत, हे मला त्या मुलीने शिकवलं.

आणि पडदा कुठे पाडायचा, हाही घोळ आहेच. मे १७३९ ला पाडला तर विजय. पुढच्या एप्रिलमध्ये बाजीराव गेले, डिसेंबरात चिमाजी अप्पा, तिथे पाडला तर शोकांतिका. आणि ३१ डिसेंबर १८०२ पर्यंत कॅमेरा चालू ठेवला, तर याच वसईत बाजीरावांचा नातू इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या तहावर सही करताना दिसतो. त्या शेवटाला आपल्याकडे कोणी पोवाडा बांधला नाही.

जाता जाता तारापूरचं सांगतो, आपल्याच जिल्ह्यातलं. वसईआधी, जानेवारी १७३९ मध्ये, तारापूरचा कोट घेताना बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. कोट मिळाला होता. बाजीरावांनी त्यांच्या आईला, वेणूबाईंना, सांत्वनाचं पत्र पाठवलं. ते छापलेलं आहे, जरूर वाचा. त्यात कोट मिळाल्याचा आनंद शोधावा लागतो. आमचाच भाऊ गेला, असं तो पेशवा त्या आईला सांगतो, आणि आता मलाच तुमचा बाजी समजा म्हणतो.

मी हे पत्र वर्गात वाचतो तेव्हा मुलं गप्प होतात, अगदी त्या दिवशीच्या थिएटरसारखी. वेणूबाईंनी ते कोणाकडून वाचून घेतलं असेल, आणि त्यावर काय म्हणाल्या असतील, हे कुठे नोंदलेलं नाही.

चला, आता प्रश्न घेऊ. मागे कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.